उजव्या पायाचा कौल

"शूज घाला," प्रमोदिनीबाई म्हणाल्या.

"चावतात," हरिहरराव म्हणाले आणि त्यांनी आपल्या जुन्या चपला पायांत सरकवल्या. उजवीची टाच एका बाजूने इतकी झिजली होती की ती घातल्यावर हरिहरराव कायम कुठल्यातरी विचारात एका बाजूला कलल्यासारखे दिसत.

"निदान तिथे काही बोलू नका. गप्प बसा. पोरीचं लग्न आहे."

गप्प बसणे हे हरिहररावांना सहज जमणारे काम होते. डोंबिवलीच्या वाचनालयात त्यांनी सगळी नोकरी तेवढ्यावरच काढली होती.

त्यांच्या देवयानीचे साईनाथशी जवळपास ठरले होते. अडले होते ते साईनाथच्या मोठ्या काकांपाशी. परशुरामभाऊंचे म्हणणे, तळकोकणातल्या गावी वेतोबाला कौल लावल्याशिवाय घरात सून येणार नाही. वेतोबा म्हणजे वेताळच; तो रात्रभर गाव राखत फिरतो, म्हणून लोक त्याला चपला वाहतात आणि त्या झिजतात. देवाला चिकटवलेली उजवीकडची पाकळी पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार. पण गावी जायला परशुरामभाऊंना वेळ काही मिळत नव्हता आणि तो मिळू नये अशीच त्यांची इच्छा होती, कारण त्यांच्या मनात साडूची मुलगी होती. साईनाथची आई, शालूताई, ठाण्यातल्या बाळकुमच्या घरात दिराच्या शब्दाबाहेर नव्हत्या.

अशात साईनाथने ध्वनिसंयोजन केलेला पहिला सिनेमा लागला. भुताचा. दोन्ही घरांनी एकत्र बघावा असे देवयानीने ठरवले.

"काका, भारी झालाय," कल्याणच्या जुन्या थिएटरबाहेर साईनाथ हरिहररावांना म्हणाला. "वेताळाला वाहिलेली चप्पल एक जण चोरतो. मग वेताळ ती शोधत घरोघर फिरतो. चपलेची करकर आहे ना, ती मी केलीय. घाबरायचं नाही हां!"

"छे, छे," हरिहरराव म्हणाले. भुतांच्या पुस्तकांना त्यांनी जन्मभर नंबर लावले होते.

तिकिटे पुढच्या-मागच्या रांगेत मिळाली. पुढे शालूताई, परशुरामभाऊ आणि साईनाथ. मागे ही तिघे. हरिहररावांच्या बरोबर पुढे शालूताई.

दिवे गेले. कर्र... कर्र... आवाज डाव्या भिंतीतून निघाला, पाठीमागून फिरला आणि हरिहररावांच्या कानाशी येऊन थांबला. पुस्तकातले भूत असे कानाशी येत नाही. हरिहररावांनी दचकून दोन्ही पाय खुर्चीवर घेतले. डावी चप्पल पायातच राहिली. उजवी सुटली आणि जुन्या थिएटरच्या उतरत्या जमिनीवरून घसरत पुढच्या रांगेखाली गेली.

त्यांना घाम फुटला. मध्यंतरात दिवे लागणार. व्याह्यांसमोर एका चपलेनिशी उभे राहायचे? हरिहरराव अंधारात गुडघ्यांवर बसले आणि त्यांनी खुर्चीखाली हात घातला.

पडद्यावर करकर थांबली. सगळे थिएटर श्वास रोखून बसले. वेताळ दाराशी उभा होता.

हरिहररावांच्या हाताला काहीतरी लागले. त्यांनी ते घट्ट धरले. ते चामडे नव्हते. ते ऊबदार होते आणि त्याला जोडवे होते.

"आये गेऽऽ! माझो पाय धरल्यान!"

शालूताईंच्या किंकाळीवर पहिली रांग ओरडली. तिच्यावर बाल्कनी ओरडली. कोणाचे तरी पॉपकॉर्न परशुरामभाऊंच्या टकलावर सांडले, तेव्हा तेही ओरडले. डोअरकीपरने टॉर्च मारला, दिवे लागले, सिनेमा थांबला.

"अहो, तुम्ही खाली काय करताय?" प्रमोदिनीबाईंनी विचारले.

"चष्मा शोधतोय."

"तो नाकावर आहे!"

पण तिकडे कोणाचे लक्षच नव्हते. शालूताई खाली वाकल्या होत्या. त्या उठल्या तेव्हा त्यांच्या हातात चप्पल होती. त्यांनी ती उलटी करून पाहिली, मग क्षणभर मागे पाहिले. हरिहररावांनी डोळे मिटून घेतले. संपले सगळे.

"भावजी," शालूताईंनी ती कपाळाला लावली, "बघा. झिजलेला पायताण. गाव राखून राखून झिजलेला. माझो पाय धरून माझ्या पायाशी ठेवल्यान. आणि कुठल्या पायाचा बघा."

परशुरामभाऊंनी पाहिले. त्यांचा चेहरा पांढरा पडला. "उजव्या."

"कौल उजवो लागलो, भावजी! आता गावाक कशाक जाऊचा?"

परशुरामभाऊंनी पॉपकॉर्नसकट हात जोडले. साईनाथ आ वासून उभा राहिला. देवयानीने आईला मिठी मारली. हरिहररावांनी खरे सांगायला तोंड उघडले, पण प्रमोदिनीबाईंनी कोपर मारले. "गप्प बसा म्हटलं ना!"

बाहेर पडताना उजवी चप्पल शालूताईंच्या पदरात होती, डावी हरिहररावांच्या पिशवीत आणि त्यांच्या पायांखाली वैशाखातला डांबरी रस्ता. ते चवड्यांवर उड्या मारत चालले होते.

"व्याही, अनवाणी?" परशुरामभाऊंनी विचारले.

"देवाचं पायताण पुढे चाललंय," हरिहररावांच्या तोंडून कसेबसे निघाले. "मागून मी कसं घालणार?"

परशुरामभाऊंचे डोळे भरून आले. "माणूस मोठो!" ते म्हणाले आणि त्यांनी स्वतःच्याही चपला काढल्या. थोड्या वेळाने तेही उड्या मारू लागले.

घरी पिशवीतून एकटी डावी चप्पल निघाली तेव्हा प्रमोदिनीबाई मटकन खाली बसल्या. "म्हणजे ते... त्यांच्या देवघरात..."

"जास्वंद वाहणार म्हणे रोज," हरिहरराव पडेल आवाजात म्हणाले. "मी सांगून टाकतो."

"लग्न मोडायचंय?"

हरिहररावांची झोप उडाली. खोट्या कौलावर पोरीचा संसार उभा करायचा? साखरपुड्याच्या दिवशी हॉलवर पोचताच त्यांनी शालूताईंना कोपऱ्यात गाठले.

"ताई, मला एक सांगायचंय. त्या दिवशी थिएटरमध्ये..."

"आधी ह्या घाला," शालूताईंनी हातातले खोके त्यांच्यापुढे धरले. आत कोऱ्या कोल्हापुरी चपला होत्या. हरिहररावांनी पाय घातले. दोन्ही तंतोतंत बसल्या. ते वर बघेचनात.

"उजव्याचा माप घरात होताच," शालूताई हळूच म्हणाल्या. "डावो अंदाजान घेतलंय."

"म्हणजे तुम्हाला... तेव्हाच..."

"माझो पाय धरणाऱ्याचो हात थरथर कापी होतो, व्याही. वेतोबाचो हात असो कापत नाय." त्यांनी पदर सारखा केला. "भावजी गावाक जाईत नव्हते. देवाक कल्याणाक आणूचो लागलो. आता चला, आणि त्यांच्यासमोर काय बोलू नका."

हरिहरराव निघाले. हॉल शांत होता, भटजी संकल्प सांगत होते आणि परशुरामभाऊ दाराकडे पाठ करून पाटावर बसले होते. कोऱ्या चामड्याने पहिले पाऊल टाकले.

कर्र... कर्र...

परशुरामभाऊंच्या हातातली पळी ताम्हनात पडली. मागे वळून न बघता त्यांनी घट्ट डोळे मिटले आणि हात जोडले.

"इलंस, देवा? बस. जेवूनच जा."