देवजीबाबांचा राब

देवजीबाबा जमिनीचा ताप पाहतात. आजारी पोराच्या कपाळावर ठेवावा तसा तळहात मातीवर ठेवतात, डोळे मिटतात आणि निदान सांगतात, "थंडी हाय. भाजायला लागंल."

गोखिवऱ्यातल्या आमच्या इमारतीपासून वीस मिनिटांवर, डोंगराच्या पायथ्याशी त्यांचा पाडा आहे. सकाळी मी तिकडे फिरायला जातो. भाताची रोपं करायच्या जागेवर शेण, तोडलेल्या फांद्या, पाला आणि गवत यांचे थर रचून ते पेटवायचे, हा राब. त्यात तणाचं बी जळतं. बाबांच्या लेखी बहुतेक दुखण्यांवर हाच इलाज. गुडघा धरला की ते राबाची राख चोळतात. आमच्या इमारतीतले गुलाब फुलत नाहीत हे कळल्यावर त्यांनी बाग भाजायला सांगितली. सेक्रेटरींनी तो विषय बैठकीत घेतला नाही.

मुलगा वारल्यापासून शेत सून वनिता करते. घरात ती दोघंच. यंदा ती म्हणाली, "बाबा, एकटीनं फांद्या तोडून डोक्यावरून आनायच्या, माझ्यानं होत नाय. न भाजताच रोपं करीन. नाय साधली तर कारखान्याच्या गाळ्यात कामाला जाईन. खोलीपन तिथंच बघीन."

बाबा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगू लागले, "आमची सून चूल न पेटवता भाकर भाजते."

"खाताना बोला," वनिता म्हणायची.

पेरणीनंतर काही दिवसांनी मी नेहमीपेक्षा लवकर निघालो. नुकतं उजाडत होतं. घराला लागून असलेल्या वनिताच्या वाफ्यात बाबा उकिडवे बसून एकेक तण चिमटीने उपटत होते. उपटलेलं ओढ्यात सोडत होते.

"साहेब, परत फिरा," ते हळू म्हणाले. "चपला वाजतात तुमच्या. ती उठंल."

लावणीच्या आधी पाड्यातल्या बायका वाफा बघायला आल्या. रोपं दाट आणि सारखी होती. "तन कसं नाय गो?" एकीने विचारलं.

"नाय आलं. भाजायची गरजच नव्हती," वनिता म्हणाली.

बायका बाबांकडे वळल्या. "काय बाबा, इतकी वर्सं फुकट धूर खाल्ला?"

बाबांनी दोन्ही हात पाठीमागे धरले होते.

"फुकट," ते म्हणाले. "पुढल्या सालापासून आपल्यात राब नाय."

बायका गेल्यावर त्यांनी सुनेला विचारलं, "गाळ्यात सांगितलंस ना, येत नाय म्हनून?"