औटकीची चाय

निंबार्ते गुरुजींच्या घरी चाय घड्याळावर होत नसे, पाढ्यांवर होत असे. पातेलं स्टोव्हवर चढलं की गुरुजी पाटावर ताठ बसत आणि खड्या आवाजात सुरू करत. पाण्याला पावकी, शंभरपर्यंत. साखर पडली की निमकी. पत्ती पडली की दिडकी. दूध पडलं की औटकी, ती बरोबर तीसपर्यंत, एक आकडा कमी नाही की जास्त नाही. ज्यांच्या वाट्याला ही छळणूक आली नाही त्यांच्यासाठी सांगतो, पावकी, निमकी, दिडकी हे पाव, अर्धा आणि दीडचे पाढे; औट म्हणजे साडेतीन आणि औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा. एक औट साडेतीन, दोन औट सात, तीन औट साडेदहा. आम्ही हे पाढे छडीच्या धाकाने पाठ केले आणि छडी गेली तसे विसरलोही. गुरुजींनी ते चायच्या कामाला लावले होते.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. मी तुमसरचा, लाखांदूरच्या हायस्कुलात इतिहास शिकवायला आलो आणि गुरुजींच्या घरची ओसरीलगतची खोली भाड्याने घेतली. गुरुजी गावातल्याच प्राथमिक शाळेत होते. पहिल्या दिवशी सकाळी जाग आली ती पाढ्यांनीच. मला वाटलं, घरातच शिकवणी चालते. डोळे चोळत आत डोकावलो आणि म्हणालो, "गुरुजी, येऊ का?"

गुरुजींनी पातेल्यावरची नजर न काढता एक बोट वर केलं. मी होतो तिथेच बसलो. तीस औट एकशेपाच झाल्यावर त्यांनी सांडशीने पातेलं उतरवलं, वर ताटली झाकली आणि मग म्हणाले, "ये गा मास्तर, बस." तोवर बसून बसून माझ्या पायांना मुंग्या आल्या होत्या.

भिंतीवर चांगलं चालतं घड्याळ असताना पाढे कशाला, हे मी दुसऱ्याच दिवशी विचारलं. "घड्याळ पाहाले मान वर करा लागते," ते म्हणाले. "तेवढ्यात चाय उतू जाते. पाढा तोंडात राहते, डोये पातेल्यात राहतात."

पत्ती खडूच्या लाकडी पेटीत असे. चमचा शिगोशीग भरायचा आणि त्यावरून फूटपट्टी फिरवून तो सपाट करायचा. तीच फूटपट्टी मग पुसून शाळेत जायची. आलं डाव्या करंगळीच्या नखाएवढं. कुणी पाहुणा सहज म्हणाला की गुरुजी, टाका अंदाजाने, तर गुरुजींचं ठरलेलं वाक्य होतं, "अदमासानं नाही चालत गा. अदमास म्हंजे गफलत." एसटी स्टँडवरच्या हॉटेलातल्या चायबद्दल त्यांचं मत असं, "ते चाय नाही, सुताराचा सरस होय. खुर्चीचा पाय जोडा त्यानं."

पाढा मध्ये तुटला तर चाय मोरीत. यात लहानमोठा भेद नव्हता. एकदा शाळा तपासायला आलेले साहेब तपासणी आटोपून चायला घरी आले. बिचाऱ्यांना शिष्टाचार ठाऊक नव्हता. दिडकी रंगात आली असताना त्यांनी विचारलं, "तुमची सर्व्हिस किती राहिली?" गुरुजींनी बोट वर केलं. साहेबांना वाटलं, एक वर्ष. म्हणाले, "मग पेन्शनचे कागद करायला घ्या." झालं. गुरुजींनी शांतपणे पातेलं उचललं, मोरीत ओतलं, घासलं आणि पुन्हा पावकीपासून आरंभ केला. साहेबांची भंडाऱ्याची गाडी गेली. ते रात्री गुरुजींकडेच जेवले, आणि सकाळच्या चायला हाताची घडी घालून गप्प बसले.

आता काकूंबद्दल सांगायला हवं. गुरुजींच्या बायकोचं शाळेशी नातं एवढंच की नवरा तिथे जात असे. रेशनच्या कार्डावर त्या अंगठा लावत. सकाळची चाय गुरुजींची आणि दुपारी चारची काकूंची, अशी त्या घरात वाटणी होती. काकू चाय करताना चायकडे लक्षच देत नसत. मूठभर पत्ती टाकायच्या, अंगणात जाऊन शेजारणीशी धान रोवण्याच्या मजुरीवरून वाद घालायच्या, येता येता कोंबडी हाकलायच्या आणि पदराने पातेलं उतरवायच्या. मी एकदा प्रमाण विचारलं, तर हसून म्हणाल्या, "चाय डोयानं होते भाऊ. रंग पाहाचा, वास घ्याचा, उतरवाची."

आणि खरं सांगू का, ती चाय गुरुजींच्या चायपेक्षा चांगली होत असे. हे मी त्या घरात कधी बोललो नाही, कारण मला खोली सोडायची नव्हती. गुरुजी मात्र रोज ती बशी शेवटच्या थेंबापर्यंत पिऊन म्हणायचे, "आज जमली बाप्पा, अदमासानं." तीस वर्षं ती रोज 'आज'च जमत होती.

एक दिवस गुरुजींची औटकी चालली होती, सहा औट एकवीस झालं आणि मांजर दुधाच्या भांड्याशी आलं. गुरुजींनी त्याला हुसकलं खरं, पण परतले तर आकडा निसटलेला. "सात औट... सात औट..." मला वाटलं, आता मोरी. तेवढ्यात अंगणातून, सुपाची पाखडणी न थांबवता, काकूंचा आवाज आला, "साडेचोवीस, जी."

गुरुजी म्हणाले, "मले ठाऊक होतं."

"ठाऊक होतं तं अडले काहून?"

मी काकूंकडे बघतच राहिलो. तीस वर्षं भिंतीआडून ऐकून ऐकून बाईंना सगळे पाढे पाठ झाले होते. गुरुजींच्या कितीतरी विद्यार्थ्यांना जे जमलं नाही ते या अंगठेवाल्या बाईने कोंड्याच्या धुळीत उभं राहून केलं होतं. गुरुजी अडले की त्यांना आकडा सांगितल्याशिवाय काकूंना राहवत नसे, आणि त्या दिवशीची चाय मोरीपासून वाचत असे.

मला तिथे येऊन तिसरं वर्ष लागलं होतं. धानाची कापणी चालू होती. काकू अंगणातच पडल्या. जीपने भंडाऱ्याला नेलं, तीन आठवड्यांनी परत आणलं. लकव्याने उजवं अंग गेलं होतं आणि वाचा गेली होती. समजत सगळं होतं. डोळे अगदी पूर्वीचे होते. मुलगी पार बपेऱ्याला दिलेली, ती महिनाभर राहून रडत परत गेली. मग घरात गुरुजी आणि काकू, आणि ओसरीलगत मी.

गुरुजींनी काकूंची खाट मधल्या खोलीत, चुलीसमोरच्या दाराशी आणली. पंपाचा स्टोव्ह माळ्यावर टाकला आणि वातीचा घेतला. मी विचारलं, "कायले जी?" म्हणाले, "तो आवाज लय करते." काकूंची झोपमोड नको म्हणून असेल, असं मी धरून चाललो. वातीचा जाळ मंद, त्यामुळे सगळं गणित नव्याने बसवावं लागलं. आठ दिवस प्रयोग झाले आणि ते सगळे माझ्या पोटात गेले. शेवटी औटकी पंचेचाळीसवर स्थिर झाली.

आणि मग एका सकाळी मी ऐकलं, "चार औट पंधरा."

मी दाढी करत होतो, वस्तरा गालावरच थांबला. चार औट चौदा. हे मला, इतिहासाच्या माणसाला, ठाऊक होतं. चूक करून गुरुजी गप्प झाले. बराच वेळ स्टोव्हच्या वातीची फुरफुर तेवढी ऐकू येत होती. मग त्यांनी हळू आवाजात, "चौदा, चौदा," म्हटलं आणि पुढे गेले. चाय मोरीत गेली नाही. ती काळीठिक्कर झालेली चाय त्यांनी मला दिली आणि स्वतःही घेतली.

दुसऱ्या दिवशी पुन्हा चूक. तिसऱ्या दिवशी दोन. प्रत्येक चुकीनंतर ते लांबलचक थांबणं, आणि प्रत्येक वेळी जास्त उकळलेली चाय. माझ्या मनाने घेतलं की म्हातारा खचला, डोकं काम देईनासं झालं. त्यांच्या शाळेतल्या बोरकर मास्तरांना मी बाजारात गाठलं आणि आडून आडून विचारलं. ते म्हणाले, "शाळेत? शाळेत एक आकडा चुकून नाही राहिले जी. काल पोराईले उलटी औटकी म्हणून दाखवली."

घरात चुकतात आणि शाळेत चुकत नाहीत, हे काय गौडबंगाल? मी त्या दिवसापासून कान टवकारून ऐकू लागलो. पावकी बिनचूक. दिडकी बिनचूक. चूक फक्त औटकीत, आणि ती म्हणताना आवाज नेहमीपेक्षा मोठा. इतकं दिसूनही माझ्या डोक्यात उजेड पडला नाही. उलट मला त्यांची दया येऊ लागली, आणि दया आली की माणूस नको तिथे मदत करतो.

एका सकाळी ते म्हणाले, "सात औट पंचवीस," आणि थांबले. थांबले ते थांबलेच. मला सहन होईना. मी ओसरीवरून मोठ्याने म्हणालो, "साडेचोवीस, गुरुजी."

सांडशी हातात घेऊन गुरुजी बाहेर आले. तीन वर्षांत मी त्यांना रागावलेलं पाहिलं नव्हतं. "तुले विचारलं होतं का गा?"

मी चाचरत म्हणालो, "नाही, पन तुम्ही चुकून राहिले होते म्हणून..."

"तिच्या तोंडाशी आला होता आकडा," ते म्हणाले. "ओठ हालले होते. मी पाहून राहिलो होतो. तू बोलला अन् तिनं तोंड भिंतीकडे केलं."

मला आत्ता कुठे सगळं कळलं. वातीचा स्टोव्ह, दाराशी आणलेली खाट, मोठा आवाज, ते लांबलचक थांबणं. गुरुजी ओट्यावर बसले. राग ओसरला होता. "डॉक्टर म्हणे, बोलतं करा. मी लय बोललो. पोरीच्या गोष्टी केल्या, धानाच्या केल्या. ऐकते अन् चूप राहते. मंग वाटलं, पाढ्यात चुकून पाहू. माझी चूक झाली तं तिले राहवत नाही. तीस वर्साची सवय होय."

ज्या माणसाने साहेबाची गाडी चुकवली पण पाढा चुकू दिला नाही, तो रोज सकाळी ठरवून चुकत होता. आणि मी त्यात नाक खुपसलं होतं. मला माझी इतकी लाज वाटली की त्या दिवशी मी शाळेत तास घेतला नाही, मुलांना धडा वाचायला सांगून खिडकीबाहेर बघत बसलो.

त्यानंतर मी गप्प बसायला शिकलो. रोज सकाळी आत जाऊन बसायचो, गुरुजी चुकायचे, मी जीभ दातांखाली धरायचो. उन्हाळी धानाचा सबंध हंगाम तसाच निघून गेला. गुरुजींची साखर-पत्तीची मापं तीच होती, फूटपट्टीही तीच, फक्त शेवटी चाय रोज वाया जात होती आणि आम्ही ती रोज पीत होतो.

ती सकाळ इतर सकाळींसारखीच होती. दूध पडलं. "पाच औट साडेसतरा. सहा औट एकवीस. सात औट पंचवीस." गुरुजी थांबले. त्यांची नजर आता पातेल्यावर नव्हती, दाराकडे होती. चाय वर येऊ लागली. मी हात पुढे केला, तर त्यांनी बोट वर केलं. चाय काठावर आली, काठ ओलांडून खाली वातीवर सांडली, जळक्या दुधाचा वास घरभर झाला. गुरुजी हलले नाहीत.

खाट करकरली. "सा..."

मग पुन्हा, जड जिभेने, एकेक अक्षर ओढत ओढत, "साडे... चोवीस." आणि थोडा दम खाऊन, "जी."

गुरुजी म्हणाले, "मले ठाऊक होतं." आतून 'अडले काहून' आलं नाही, पण काकू हसत होत्या, अर्ध्या तोंडाने, त्यांचं तेवढंच तोंड हलत होतं. मी मान खाली घातली आणि शर्टाच्या बाहीने डोळे पुसले.

पातेल्यात जेमतेम दोन कप उरलं होतं. गुरुजींनी ते न गाळताच ओतलं, पत्तीसकट. मी एक घोट घेतला.

"कशी झाली गा?"

"कडू झाली, गुरुजी."

"होऊ दे," ते म्हणाले. "आज अदमासानं केली." आणि दुसरा कप बशीत ओतून, फुंकर घालत घालत, ते काकूंच्या खाटेकडे गेले.