कार्मेनमातेच्या मागून चाळीस होड्या

"फादरना कळायच्या आत जाऊन येऊ, पोरी," एलादियो इतक्या खात्रीने म्हणाला, की सून दोरिंदाने बाळाच्या झबल्याला तीनदा इस्त्री केली.

बाळ चार महिन्यांचं. त्याचा बाप आमारो मासेमारीच्या ट्रॉलरवर चढून व्हिगो बंदरातून गेला, त्याला सात महिने झाले. लेकाचं तोंडही त्याने पाहिलं नव्हतं. आज दुपारी ट्रॉलर आयर्लंडकडून दक्षिणेला जाताना खाडीच्या तोंडापुढून जाणार होता, बंदराला न लागता. नेमकी आजच कोळ्यांना सांभाळणाऱ्या कार्मेनमातेची समुद्रातली मिरवणूक, आणि मूर्ती कुणी न्यायची याची चिठ्ठी निघाली ती एलादियोच्या नावाची. माता त्याच्याच होडीत! तरंगत्या बोयापाशी बुडालेल्यांसाठी फुलांचं चक्र सोडलं, की सगळ्यांनी मागे फिरायचं. एलादियो तेवढा मैलभर पुढे जाणार, लेकाला नातू दाखवणार आणि गुपचूप परतणार.

एकच गोष्ट तो विसरला. साठ वर्षं तो स्वतः जे करत आला, तेच. मातेची होडी जाईल तिथे बाकीच्यांनी जायचं.

चक्र सोडलं, होडी पुढे निघाली. मागून चाळीस होड्या, बँडसकट.

"एलादियो, कुठे निघालास बाबा?" लगतच्या होडीत फादर वेनान्सियोंनी कठडा घट्ट धरला.

"मातेची इच्छा, फादर."

"तिला पोहता येत असेल. मला येत नाही."

ट्रॉलर आला. दोरिंदाने बाळ उंच धरलं. मागे वळून पाहते तो काय, गावातल्या यच्चयावत बायकांनी आपापली पोरं उंच धरलेली! जिचं त्या जहाजावर कुणी नव्हतं, तिनेसुद्धा. आमारो कठड्यावरून ओणवा होऊन दोन्ही हात हलवत होता. कुणाकडे बघून, ते काही कळेना. "इकडे बघ रे, इकडे," ती पुटपुटत राहिली, ट्रॉलरचा ठिपका होईपर्यंत.

संध्याकाळी कोळ्यांच्या सोसायटीतल्या, जहाजांशी बोलायच्या रेडिओवर त्याचा आवाज आला. रेडिओ एकच, त्यामुळे ऐकायला अख्खं गाव.

"पाहिला मी त्याला," आमारो म्हणाला. "लाल टोपीतला. काय गुटगुटीत आहे गं. आणि नाक तर थेट माझं."

दोरिंदाच्या मांडीवरच्या पोराची टोपी पांढरी होती. लाल टोपी होती शेजारच्या कासिल्दाच्या कडेवर, आणि टोपीत तिची वर्षाची लेक. कासिल्दाचा नवरा स्वतःचं नाक चाचपू लागला.

"हो," दोरिंदा म्हणाली. "तोच."

"मी येईन तेव्हा तीच टोपी घाल त्याला. लांबूनच ओळखीन."

कासिल्दाने लेकीच्या डोक्यावरची टोपी काढली आणि दोरिंदाच्या बाळाला घातली. टोपी इतकी मोठी, की थेट हनुवटीपर्यंत आली. नाक झाकलं गेलं, तेवढं एक बरं झालं.