मोगरीचं गाऱ्हाणं

रिंगणाच्या तोंडाशी मोगरी थांबली ती थांबलीच. तोंडवलीच्या वाळूत चारही पाय रोवून ती फडफडत्या झेंड्यांकडे पाहत राहिली आणि लगाम धरलेल्या मिहीरने तिची मान थोपटली. घोड्याला लगाम धरून अडथळ्यांपलीकडे नेण्याची ही दिवाळीपासूनची सातवी, शेवटची स्पर्धा. आज घोडी बुजली तर विकायची, असं घोडीचे मालक असलेले त्याचे चुलते भाई यांनी देवबागेतून निघतानाच बजावलं होतं.

तिसऱ्या स्पर्धेत शेजारचा मांडव कोसळला, तेव्हापासून मोगरीचा धीर खचला होता. तो परत यावा म्हणून मिहीरने तिला प्रत्येक स्पर्धेनंतर विश्रांती दिली, सराव थोडका ठेवला आणि रोजचा शेवट तिला हमखास जमणाऱ्या चालीवर केला. शेजारच्या मधूकाकांनी त्यात गाऱ्हाण्याची भर घातली. रिंगणात शिरण्याआधी काका देवाला साकडं घालत, घरचे "व्हय म्हाराजा!" म्हणत आणि मोगरीला गूळखोबरं मिळे. त्या आरोळीशिवाय पाऊल उचलायचं नाही, असा घोडीने मग नियमच करून टाकला.

आणि आज मधूकाकांचा घसा बसला होता.

"तूच घाल गाऱ्हाणा," काका घोगरले.

"इतक्या लोकांसमोर? माका जमाचा नाय, काका."

"मगे रव गप. भाई तिका विकतले."

बसमध्ये तिकीट मागायचं तरी मिहीर ते वाक्य आधी मनात दोनदा म्हणून पाही. त्याने डोळे मिटले. समुद्राच्या गाजेखाली त्याचा आवाज कापत उमटला, "बा देवा म्हाराजा! ह्या मुक्या जनावराच्या मनात काय भिती आसात, ती दूर कर रे म्हाराजा!"

गाऱ्हाणं कानी पडल्यावर गप्प बसणारी माणसं या किनाऱ्यावर नव्हती. पाचशे कंठांतून आरोळी उठली, "व्हय म्हाराजा!"

मोगरी ऐटीत आत शिरली आणि झेंड्यांपाशी पुन्हा थांबली.

"हे झेंडे जरा गप ठेव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

झेंडे मागे पडले. आडव्या बांबूपाशी पुन्हा तेच. मिहीरची मागणी मात्र संपली होती. घोडी कान टवकारून वाट पाहत होती. मग देवबागेतून निघाल्यापासून मनात साचलेलं एकदम ओठांवर आलं.

"आणि घोडी विकूचो जो इचार भाईंच्या मनात आसा, तो दर्यात बुडव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

पहिल्या रांगेत हात जोडून, डोळे मिटून उभ्या असलेल्या भाईंचा आवाज सगळ्यांत खणखणीत होता. डोळे उघडल्यावर त्यांना आपण काय बोललो ते कळलं. तोवर मोगरी बांबू ओलांडून गेली होती.

मोगरीचा नंबर चौथा आला. परीक्षकांनी शेरा लिहिला होता : 'घोडी निर्भय. सोबतचा मुलगा फार बोलका.' तो कागद मिहीरने घडी करून खिशात जपून ठेवला.

"देवासमोर व्हय म्हटलंय. आता विकतलंय कसो?" भाई पुटपुटले आणि तिला टेम्पोत चढवायला त्यांनी स्वतः लगाम ओढला. मोगरी हलली नाही. भाईंनी मिहीरकडे पाहिलं. मिहीर समुद्राकडे पाहत होता.

भाईंनी घसा खाकरला.

"बा देवा म्हाराजा..."