वीस फुटांवरचा तक्ता

डोळा हा असा अवयव आहे, की तो बिघडल्याची बातमी त्याच्या मालकाला सर्वांत शेवटी मिळते. म्हणूनच जबाबदार आस्थापना वर्षातून एकदा आपल्या माणसांचे डोळे तपासून घेतात.

तारापूरच्या औद्योगिक वसाहतीतला एक औषधांचा कारखाना या बाबतीत आदर्श होता. तपासणीला वीस फूट अंतर लागते, आणि सलग वीस फूट मोकळी जागा फक्त कॅन्टीनमध्ये असल्याने डोळ्यांचा तक्ता १९७६ साली तिथे, चहाच्या खिडकीशेजारी टांगण्यात आला. अक्षरओळख नसलेल्यांची अडचण होऊ नये म्हणून तो खुणांचा होता. तीन दात्यांची फणी. कुठे दाते वर, कुठे खाली, कुठे डावीकडे, कुठे उजवीकडे. पहिल्या ओळीतली फणी विटेएवढी, शेवटच्या ओळीतल्या पाच मुंगीएवढ्या. दाते जिकडे, तिकडे हात करायचा.

तपासणी वर्षातून एकदा होई आणि चहा दिवसातून दोनदा. चहाच्या रांगेत तक्त्याकडे बघता बघता तो दोन वर्षांतच सगळ्यांना पाठ झाला. पुढे नव्या माणसाला आधी शेवटची ओळ शिकवत, मग मशीन. जिवल्या हमाल ती घोटून घेई.

"खाली, उजवी, वर, वर, डावी. डोलं मिटून कर," तो सांगे. "उघडं ठेवशील त गोंधलशील."

या पद्धतीचे यश आकड्यांत पाहावे. १९८७ सालचे कामगार २१४, तपासलेले डोळे ४२८, निर्दोष डोळे ४२८. (वॉचमन गोमाचा डावा डोळा काचेचा होता. उजवा झाकून त्याने डाव्याने सर्व ओळी वाचल्या. त्या डोळ्याचा नंबर पुढे वाढण्याचीही भीती नव्हती.)

धर्माजी सावे या कारखान्यात चौदा वर्षे दिव्यापुढे बसत. लहान मुलांच्या तापाच्या औषधाची प्रत्येक बाटली काळ्या फळीसमोर उजेडात धरायची, हलकेच उलटी करायची, आणि आत कचरा, धागा, काचेचा कण दिसला तर बाजूला ठेवायची, हे त्यांचे काम. त्यांच्यानंतर ती बाटली पाहणारे म्हणजे फक्त मुलाचे आईबाप, आणि त्यांचे लक्ष मुलाकडे असते.

सुरुवातीला धर्माजी दिवसाला तीसेक बाटल्या बाजूला काढत. मग वीस, मग पाच. गेल्या दीड वर्षात एकही नाही. औषध उत्तरोत्तर शुद्ध होत चालले आहे असा निष्कर्ष व्यवस्थापनाने काढला आणि धर्माजींना प्रशस्तिपत्र दिले. त्यात काय लिहिले आहे ते त्यांनी सरावलीला घरी मुलीकडून, सुलूकडून वाचून घेतले.

एका रविवारी त्यांनी तांदूळ निवडून दिले. जेवताना त्यांच्या बायकोने, दमयंतीने, तिसरा खडा ताटाच्या कडेला ठेवला.

"अवो, तुमी खडे काढलेत का तांदूळ?"

"मला तर एक पण दिसला नाय."

"तेच बोलते मी. भातातला दगड दिसत नाय, मग पोरांच्या औषधातलं काय दिसतं तुमाला?"

धर्माजींचा चष्मा नऊ वर्षांचा होता. (चाळिशीनंतर दर दोन वर्षांनी डोळे दाखवावेत असे जाणकार म्हणतात. जवळचे अंधुक होते, डोके दुखते, वाचताना कागद लांब लांब जातो. धर्माजींच्या हाताची लांबी केव्हाच संपली होती.)

पुढच्या तपासणीत त्यांनी खरे सांगायचे ठरवले. पण डॉक्टरांनी "शेवटची ओळ" म्हणताच हात आपोआप खाली, उजवीकडे, वर, वर, डावीकडे गेला.

"डॉक्टर, ती ओळ मला दिसत नाही."

"आत्ता तर वाचलीत."

"पाठ आहे."

"पाठ कशी केलीत? बघूनच ना?"

"तेव्हा बघून."

"झालं तर," म्हणत डॉक्टरांनी शिक्का मारला.

तक्ता वीस फुटांवर असतो आणि बाटली एका फुटावर, हे धर्माजी सांगू लागले. फॉर्ममध्ये एका फुटाचा रकाना नव्हता.

धर्माजींनी सूचनापेटीत चिठ्ठी टाकली : तक्ता बदलावा. पेटी तीन वर्षांनी एकदा उघडत, आणि ती वेळ नेमकी त्याच महिन्यात आल्याने आठवड्याभरात वेगळ्या क्रमाचा नवा तक्ता लागला. डॉक्टर ज्या वहीशी ताडून पाहत, तिच्यातली उत्तरे मात्र जुनीच राहिली. चिठ्ठीत वहीचा उल्लेख नव्हता.

पुढच्या तपासणीपर्यंत थांबणे धर्माजींना शक्य नव्हते. ते रजा टाकून पालघरला चष्मेवाल्याकडे गेले. तो एकेक काच डोळ्यापुढे लावून विचारी, "आता बरं दिसतं, की मघाशी बरं होतं?" इतक्या वर्षांच्या नोकरीत असा प्रश्न त्यांना कुणी विचारला नव्हता. जवळचे आणि लांबचे, दोन्ही दिसेल असा चष्मा घालून ते सोमवारी दिव्यापुढे बसले आणि दुपारच्या चहापर्यंत त्यांनी एक्केचाळीस बाटल्या बाजूला काढल्या. धागे, बुचाचे कण, एकीत मुंगळ्याचा पाय.

दीड वर्ष निर्मळ असलेले औषध एका चष्म्यासरशी बिघडले, ही बाब व्यवस्थापनाने गंभीरपणे घेतली. चार वाजता खास तपासणी बोलावण्यात आली. धर्माजींची दिव्यापुढची जागा राहते की जाते, हे तिथे ठरणार होते.

तुलनेसाठी आधी चार कामगार उभे केले. चौघांनी नव्या तक्त्यासमोर जुनी ओळ म्हटली, वहीशी ताडून चौघेही निर्दोष ठरले. मग धर्माजी उभे राहिले.

"धर्माजीभाव," जिवल्या मागून कुजबुजला, "नवीन नका बघू. जुनाच बोला."

पण ओळ दिसत होती. मुंगीएवढ्या फण्यांचे दाते मोजता येत होते. दिसत असताना पाठ म्हणणे त्यांना जमले नाही.

"डावी, वर, उजवी, खाली, उजवी."

डॉक्टरांनी वहीत पाहिले. "एकही बरोबर नाही."

"तक्त्याकडे बघा ना, डॉक्टर."

डॉक्टर वळले. वीस फुटांवरून डोळे बारीक करून त्यांनी बराच वेळ पाहिले. "पाहिलं," ते म्हणाले. "जसा होता तसाच आहे."

कारखान्याच्या इतिहासातले पहिले सदोष डोळे अशा रीतीने सापडले. धर्माजींना खोकी बांधण्याच्या खात्यात पाठवले. एखादी बाटली ते तिथेही खिडकीच्या उजेडात धरत, तेव्हा मुकादम म्हणे, "ते तुमचं काम नाय आता." त्यांच्या जागी त्या चौघांपैकी एकाला बसवण्यात आले. त्याने एक्केचाळीस बाटल्या पुन्हा तपासल्या. त्यांत काहीही आढळले नाही आणि त्या संध्याकाळच्या ट्रकने रवाना झाल्या.

औषध राज्यभर गेले. गिऱ्हाइकांकडून एकही तक्रार आली नाही, त्याअर्थी त्यांचेही डोळे निर्दोष आहेत, अशी नोंद कंपनीने करून ठेवली आहे. त्या वर्षांत तुमच्या घरी एखाद्या मुलाला ताप आला असेल, चमचा भरण्याआधी तुम्ही बाटली उजेडात धरली असेल आणि औषध किती उरले आहे तेवढेच पाहून खाली ठेवली असेल, तर तुमची तपासणी तेव्हाच झाली. तुम्ही पास आहात.