काठी जिकडे गेली नाही त्या तुकड्याची हकीकत

श्री वसुंधरा प्रसन्न. गांडुळादि सकळ सेवकांस दंडवत.

"काठी जिकडं कधीच जात नाही, तिकडं काय असतंय?" ऐसा प्रश्न शके १९४७, विश्वावसुनाम संवत्सरे, वैशाख शुद्ध चतुर्दशी, रविवारी, भर दरबारी पुसिला गेला, आणि तेणेकरून राज्यात जी उलथापालथ जाहली, तिची हकीकत तीर्थरूप बाबा व मातुश्री आई यांचे चरणी सविस्तर लिहिली आहे. उभयतां तेथे जातीने हजर होते हे खरे. परंतु मध्यभागी उभ्या माणसास आपला चेहरा दिसत नाही, आणि शिवाय अखेरीस एक कलम ऐसे आहे जे तोंडी सांगू जाता मातुश्री अर्ध्यात तोडतील, म्हणोन लेखी.

राज्याचे मूळ वर्तमान ऐसे की, डोंगराचे पायथ्यास आठ शेते. कोणाचे तीन एकर, कोणाचे अडीच, हौसाबाईंचे तर सव्वा एकरच, परंतु तोरा चाळीस एकरांचा. या आठ घरांनी नऊ वर्षांमागे बाभळीखाली बैसोन शपथ वाहिली की विकतचे विष मातीत घालू नये, बी ज्याचे त्याने राखावे, खत आपल्या गोठ्यातले असावे, आणि ज्यास जे नवे कळले ते त्याने एकट्याने गिळू नये, बाकी सातांस सांगावे. मग आषाढ ते आश्विन हे पावसाचे चार महिने सोडोन दर महिन्यास एका शेतावर शिवारफेरी नेमिली. त्या दिवशी आठही घरची माणसे लेकराबाळांसह त्या शेतावर स्वारी करीत, आणि शेताचा धनी पुढे चालोन आपले पीक आणि आपली युक्ती दाखवी, आणि बाकीचे वहीत उतरवोन घेत, आणि मग सर्वांनी बांधावर बैसोन भाकरी खावी. या फेरीचा राजदंड म्हणजे बोरीची एक काठी. ज्याची फेरी त्याच्या हाती काठी, आणि काठी जिकडे दाखवील तिकडे सर्वांनी पाहावे. जिकडे न दाखवील तिकडे पाहू नये, हे कोठे लिहिलेले नव्हते, परंतु पाहुण्याने झाकल्या टोपलीत डोकावू नये तैसा हा रिवाज पक्का जाहला. आम्ही पहिली फेरी बाबांचे खांद्यावर बैसोन पाहिली, आणि पुढे नऊ वर्षे काठीच्या टोकाकडे पाहत वाढलो. तेणेकरून ज्ञान बहुत पसरले यात संशय नाही. झाडाच्या बुडाशी मडके पुरोन पाणी द्यावे ही दस्तगीरचाचांची युक्ती आठही शेतांवर गेली, आणि हौसाबाईंचा भाताच्या पेंढ्यावरला लसूण पाहून मोठमोठ्यांनी तोंडात बोटे घातली. फक्त कोणाचे कधी काही बिघडले, ऐसे नऊ वर्षांत एकदाही ऐकिले नाही.

खासे बाबा म्हणजे या राज्याचे संस्थापक. शपथेचे शब्द त्यांचे, काठी त्यांनीच तासलेली. गेल्या साली वैशाखातील फेरीत बाबांनी पंचेचाळीस दिवसांत शेणखत करावयाची युक्ती दाखविली. ज्या खतास एरवी आठ-दहा महिने खड्ड्यात मुरावे लागे, ते ताक-गूळ शिंपोन दीड महिन्यात काळेभोर दिसू लागले, आणि लोकांनी मुठीत घेऊन वास घेतला आणि वाहवा केली आणि वह्या भरल्या. बाबांनी ते खत विहिरीपलीकडच्या तुकड्यात पसरोन भुईमूग केला. मग भाद्रपदात तो भुईमूग उभ्या उभ्या माना टाकू लागला. उपटावा तो मुळेच नाहीत, आणि खाली मातीत हुमणी, म्हणजे पांढरी, करंगळीएवढी, कोयत्यासारखी वाकडी अळी, शेकड्यांनी. आई आणि आम्ही दोन दिवस तेलाच्या डब्यात वेचीत होतो. बाबा म्हणाले, असतं एखाद्या साली. मग पौषात तूर निघाली तेव्हा तुराट्या उभ्या बांधोन त्या तुकड्यास पुरुषभर कुंपण जाहले, आणि घरात त्या तुकड्याचे नाव निघेनासे जाहले.

दुसरे एक लहान प्रकरण मध्यंतरी कार्तिकात घडले, तेही येथेच नमूद करतो. घरामागचा दोन गुंठे तुकडा आम्हांस जहागीर म्हणोन मिळाला होता, आणि हौसाबाईंनी आपल्या सासूच्या वेळचा जांभळ्या शेंगांचा वाल, जो राज्यात फक्त त्यांच्याच मडक्यात उरला आहे, त्याची एक मूठ आमच्या ओंजळीत घातली होती. ते बी पेरिले आणि एकही उगवले नाही. कोंबड्यांनी उकरोन खाल्ले ऐसे चौकशीअंती ठरले, आणि मातुश्रींनी पाचही कोंबड्यांस खुराड्यात कैद फर्माविली, ती आजतागायत चालू आहे. हे प्रकरण तूर्त बाजूस ठेवू.

आता प्रश्न कैसा उपजला ते ऐका. शाळेच्या गॅदरिंगात भाषणाचे पहिले बक्षीस मिळाल्यापासून आमची जीभ जमिनीवर चालत नव्हती, हे आम्हांस मान्य आहे. नववी संपली, सुट्टी लागली, आणि आम्ही, आठांतल्याच एका घरची प्रांजल आणि दस्तगीरचाचांची नसरीन ऐशा तिघी आंब्याच्या फांदीवर कैऱ्या खात बैसलो असता आम्ही म्हणालो की आपण कोणासमोरही काहीही बोलू शकतो. त्यावर प्रांजल म्हणाली, "माइकपुढं कुणीपण बोलतंय गं. फेरीत मोठ्यांच्या म्होरं विचार की एकदा, काठी जिकडं कधीच जात नाही, तिकडं काय असतंय?" नसरीन म्हणाली, "ही? हिला तवा पाणी पाणी व्हईल." मग पैज ऐसी ठरली की विचारले नाही तर शाळा उघडताच महिनाभर दोघींची दप्तरे आम्ही वाहावी. आम्ही तत्काळ मिठावर बोट ठेवोन कबूल केले. यंदाची वैशाखातील फेरी आमच्याच शेतावर आहे हे त्या क्षणी ध्यानातच आले नाही, आणि आले तेव्हा माघार घेण्याची वेळ टळून गेली होती.

चतुर्दशीस उन्हे तापण्याआधी फौज जमा जाहली. बाबांनी काठी घेतली आणि पुढे चालले, आणि शेवग्याची रांग दाखविली, आणि विहिरीवरले नवे आळे दाखविले, आणि पेरूची छाटणी दाखविली, आणि विहिरीपाशी येताच काठी उजवीकडे वळली आणि तिजमागे बावीस माणसेही वळली. तुराट्यांच्या कुंपणाकडे कोणी मान करीना. अखेरीस बाभळीच्या सावलीस येवोन बाबांनी रिवाजाप्रमाणे पुसिले की कोणास काही शंका? प्रांजलने आम्हांस कोपर मारिले. आम्ही उभे राहिलो आणि तो प्रश्न पुसिला, गॅदरिंगातल्याच आवाजात. आणि तोंडातून शब्द निघाला त्याच क्षणी बाबांनी काठी या हातातून त्या हातात घेतलेली दिसली, आणि आम्हांस कळले की आम्ही सर्वांस पुसिले ऐसे समजत होतो, परंतु लागले एकासच. आई पदर खोचता खोचता थांबली. बाबा म्हणाले की ऊन चढले, जेवून घेऊ.

तोच हौसाबाई, वय वर्षे सत्तर, हसू लागल्या. म्हणाल्या, "थांबा की. पोरगी काय वाईट इचारतीया? माझी काठी जिकडं जात न्हाई तिकडं माझी हळद सडतीया. तीन वर्सं झाली. पाणी तुंबतंय तितं." मग प्रांजलचे वडील मान खाली घालोन म्हणाले की त्यांच्या मधाच्या पेट्यांतल्या माश्या दोनदा उडून गेल्या, रिकाम्या पेट्या गोठ्यामागे झाकल्या आहेत. मग आणखी एक बोलले, आणि एकमेकांस टोमणे सुरू जाहले, आणि हशा पिकला, आणि त्या हशात फक्त बाबा सामील नव्हते. त्याच गडबडीत हौसाबाईंनी आम्हांस पुसिले, माझा वाल कसा आला गं? आम्ही कोंबड्यांची हकीकत सांगितली. त्या म्हणाल्या, "मग मेल्या कोंबड्या कोंडून ठिव, आणि हे घे, मडक्यातली निम्मी उरल्याली." ऐसे म्हणोन कनवटीची दुसरी मूठ आमच्या हाती दिली.

मग भाकऱ्या सुटल्या. जेवता जेवता दस्तगीरचाचा बाबांस सहज म्हणाले, "भाऊ, तुमचं पंचेचाळीस दिसांचं खत झालंय बघा तयार. उद्या पसरतो. यंदा सगळ्या अडीच एकराला भुईमूगच घालतोय, नसरीनच्या अम्मीनं बी काढून ठेवलंय." आणखी तीन घरांनीही माना डोलाविल्या की आमचेही खड्डे भरले आहेत. आम्ही बाबांकडे पाहिले. त्यांच्या हातातला घास हातातच होता. तेव्हा आमच्या मनात आले की आपण बोलावे, आपणांस ठाऊक आहे, आपण डब्यात वेचिली आहे. आणि पहिले बक्षीस घेतलेली ती जीभ टाळूस चिकटोन बसली. शेजारी नसरीन लोणच्याची फोड चोखीत होती. तिचेच ते अडीच एकर.

बाबांनी घास ताटात ठेविला, आणि हात धुतले, आणि काठी व कुदळ घेऊन विहिरीपलीकडे निघाले. कोणास या म्हणाले नाहीत. तथापि आधी दस्तगीरचाचा उठले आणि मग सर्वच उठले. बाबांनी तुराट्या दोन्ही हातांनी उपटोन आडव्या केल्या. आत उघडी जमीन, गेल्या सालचे वाळके वेल तैसेच पडलेले. मग हातभर खणोन त्यांनी ढेकूळ फोडले, आणि आतून एक तांबूस भुंगेरा निघाला, पाय मुडपोन निजलेला. दुसरे ढेकूळ फोडले, त्यातही एक. बाबांनी काठी तेथे टेकविली आणि म्हणाले, "हुमणीचंच आहे हे. वळीव पडला की उठतील. खत मुरलं नव्हतं, नुसतं काळं दिसत होतं. अळी त्यातूनच आली. घाई माझी. तुम्ही कुणी पसरू नका." दस्तगीरचाचांनी तो भुंगेरा उचलोन तळहातावर घेतला. मग हळूच म्हणाले, "चार महिने कुंपण का ठिवलं, भाऊ?" बाबा म्हणाले, "लाज वाटली." एवढेच. शपथेचे शब्द ज्यांनी रचले त्यांस याहून अधिक शब्द सापडले नाहीत, आणि लागलेही नाहीत. चाचा म्हणाले, "मी तर खड्ड्यापाशी रोज सांजचं बसून खूश व्हायचो." आणि बाबांच्या हातून कुदळ घेऊन म्हणाले, "चला, माझा खड्डा बघू."

मग सर्व फौज भर उन्हात दस्तगीरचाचांच्या शेतावर कूच करोन गेली, आणि खड्डा वरून काळाभोर, आणि दोन हात खाली उकरता शेणाचे कच्चे गोळे, आणि त्यांत पांढऱ्या वाकड्या अळ्या. नसरीनच्या अम्मीने कपाळास हात लाविला. ते खत सर्वांनी मिळोन वर काढिले, पसरोन वाळविले, आणि चाचांच्या कोंबड्यांनी त्या दिवशी जी मेजवानी केली तिला तोड नाही. मग मसलत बैसली आणि ऐसे ठरले की यंदा चारही घरांचे खड्डे मुरू द्यावे, आणि पहिला वळीव पडताच आठही घरांनी एकाच सांजेस आपापले लिंब आणि बाभळी हलवोन तेथे पाला खाण्यास जमलेले भुंगेरे वेचावे. एकाने हलविले आणि सातांनी नाही तर व्यर्थ, कारण भुंगेरा बांध ओळखीत नाही. आणि हौसाबाईंनी हुकूम केला की येथून पुढे काठी आधी फसल्या जागी टेकवायची, मग पिकल्या. कोणी हरकत घेतली नाही.

घरी येताना बाबा आणि आम्ही दोघेच मागे राहिलो. बाबांनी पुसिले की हे विचारायला तुला कुणी शिकविले? आम्ही खरे ते सांगितले की पैज होती. बाबा थोडे चालले आणि म्हणाले, "नऊ वर्षांत कुणी लावली नाही." पैज आम्ही जिंकलो, परंतु दप्तरे टळल्याचा आनंद काही होईना. कारण खिशात वालाची मूठ होती, आणि ती चालताना वाजत होती.

एवंच, या बखरीचे सार इतके की, आठ शेते एकमेकांस पिकले तेवढेच दाखवीत राहिली असती तर फसलेले चोरपावलांनी बांधाखालून आठही शेतांत गेले असते. पुढील कलम निर्णयाचे आहे, आणि हे ठरलेले आहे, विचारीत नाही. ज्येष्ठातील फेरी प्रांजलच्या शेतावर असली तरी ती निघण्यापूर्वी काठी घटकाभर आमच्या हाती द्यावी. आम्ही ती घरामागच्या दोन गुंठ्यांत टेकवू आणि हौसाबाईंस सर्वांसमक्ष सांगू की त्यांनी वाल एक रात्र भिजवावयास सांगितला असता, लवकर उगवावा म्हणोन आम्ही तो तीन दिवस भिजविला, आणि तो सडला, आणि आम्ही तो तैसाच पुरला. दुसरी मूठ पेरिली नाही, देवळीतल्या तांब्यात सुकी आहे, ती त्यांस दाखवोन मग पेरू, किंवा त्या मागतील तर परत देऊ. बाबा, त्या समयी आपण आमच्या बाजूने काही बोलू नये. आणि आई, कोंबड्या निर्दोष आहेत. हा कागद तुझ्या हाती पडेतो खुराड्याचे दार आम्ही उघडलेले असेल.