यांगोना खर्चात बसत नाही

अन्याय झाला की त्याची बातमी होते, असा एक भाबडा समज आहे. प्रत्यक्षात अन्यायाला आधी अनुदान मंजूर व्हावं लागतं. तोवर त्याने घाई न करणं हेच त्याच्या हिताचं असतं.

फिजीची राजधानी सुवा इथल्या ‘किनारा’ साप्ताहिकातल्या बातमीदार आकानिसीला हे पटायला वेळ लागला. नासोलोवाई गावाच्या नदीतून एक कंपनी यंत्रं लावून खडी उपसत होती. त्याच तळातल्या काई नावाच्या शिंपल्या गावच्या बायका बुड्या मारून काढतात आणि शनिवारी बाजारात विकतात. पोरांच्या शाळेपासून चर्चच्या वर्गणीपर्यंत सगळं त्यावर चालतं. आता बुडी मारली की हाताला नुसता गाळ लागत होता. कंपनीच्या परवान्याची मुदत संपत आली होती आणि तो वाढवण्याआधी सुनावणी व्हायची होती. तिथे गावाचं म्हणणं छापून आलेलं असेल तरच विचारात घेणार होते. (तोंडी रडणं कामकाजात धरत नाहीत.)

‘किनारा’कडे होडीच्या डिझेलचे पैसे नव्हते. म्हणून आकानिसीने मेलबर्नच्या न्याय्य किनारा प्रतिष्ठानाकडे पर्यावरणीय न्यायाच्या पत्रकारितेसाठी असलेलं अनुदान मागितलं. ते मिळालं आणि तिची लिहिण्यापासून सुटका झाली. आधी नांदी शहरातल्या हॉटेलात कार्यशाळा झाली: दुःखद विषय आशेने कसा लिहावा, नदीकाठी ताण कसा घालवावा, आणि दुपारी तीन प्रकारची मासळी. त्या हॉटेलच्या नव्या इमारतीची खडी कुठल्या नदीतली, हा प्रश्न अभ्यासक्रमाबाहेरचा होता. आकानिसीला पारदर्शकतेत सर्वाधिक गुण मिळाले.

मग यांगोनाचा प्रश्न आला. परक्या गावात पाऊल टाकायचं तर यांगोनाच्या मुळ्यांची जुडी गावासमोर ठेवायची, ती कुटून पाण्यात कालवून सगळ्यांनी प्यायची आणि मग कामाचं बोलायचं, हे फिजीत पोरासोरांनाही ठाऊक असतं. प्रतिष्ठानाच्या ग्वेनेथबाईंनी मात्र प्रकरण मुळापासून तपासलं. मुलाखत देणाऱ्याला दिलेली वस्तू म्हणजे लाच, आणि पिऊन जीभ जड होते म्हणजे नशा. एकाच जुडीत दोन कलमं मोडण्याची प्रतिष्ठानाच्या इतिहासातली ही पहिलीच वेळ होती. तरीही स्थानिक संस्कृतीचा पूर्ण आदर राखून त्यांनी प्रतिष्ठानाचं बोधचिन्ह असलेली स्टीलची पाण्याची बाटली भेट द्यायला मंजुरी दिली.

नासोलोवाईत गावाच्या वतीने बोलणारे वाटिसोनी गावच्या सभागृहात मांडी घालून बसले होते. आकानिसीने बाटली पुढे सरकवली. त्यांनी ती बराच वेळ न्याहाळली. आणलेली भेट नाकारायची नसते, म्हणून दोन्ही हातांनी उचलून त्यांनी रीतसर भाषण केलं. त्यात आकानिसीच्या पूर्वजांची, तिच्या प्रवासाची आणि बाटलीच्या घट्ट झाकणाची स्तुती होती. सगळ्यांनी ओंजळीने टाळ्या वाजवल्या. मग यांगोना कालवायच्या लाकडी परातीभोवती सगळे बसून राहिले. परात कोरडी असताना कामाचं बोलायचं नसतं, त्यामुळे कोणीच बोलेना.

शेवटी शिंपल्या काढण्यात गावात सगळ्यांत जुन्या असलेल्या माकेरेता आजीने (फिजीत आजीला बुबू म्हणतात) आकानिसीला खुणेने स्वयंपाकघरामागे बोलावलं.

“पोरी, हे काय घेऊन आलीस?”

“नियम आहे, बुबू. मेलबर्नचा.”

“त्यांना सांग, भांडी आहेत आमच्याकडे. त्यात भरायला स्वच्छ पाणी नाहीये.”

म्हातारीने नवऱ्याच्या मृत्यूनंतरच्या शंभराव्या रात्रीच्या विधीसाठी ठेवलेली जुडी काढून तिच्या हातात कोंबली. “जा, आता पुन्हा ये. पहिल्यांदाच आल्यासारखी.”

आकानिसी शरमेने लाल झाली, पण गेली आणि पुन्हा आली. वाटिसोनींनी पुन्हा भाषण केलं, या वेळी झाकण वगळून. मुळ्या कुटल्या गेल्या आणि गाव संध्याकाळपर्यंत बोलत राहिलं. परत येऊन तिने लेख लिहिला; आयुष्यात इतकं चांगलं काही तिने लिहिलं नव्हतं.

पण पारदर्शकतेचे गुण अंगात भिनले होते. गावाकडून जुडी मिळाल्याचं तिने प्रतिष्ठानाला कळवलं. बातमीदाराने मुलाखत देणाऱ्याकडून वस्तू स्वीकारली, म्हणून नीतिमत्ता समिती नेमली गेली (तीन सदस्य, तीन खंडांत; एक जागा असेल तेव्हा दुसरा झोपलेला). करारानुसार चौकशी संपेपर्यंत लेख छापायचा नव्हता. छापला तर सगळं अनुदान परत करावं लागणार होतं आणि ‘किनारा’ला टाळं लागलं असतं. आकानिसीने फोन केला, सोमवारी सुनावणी आहे म्हणून सांगितलं. ग्वेनेथबाई हळुवारपणे म्हणाल्या, “तुमची तळमळ आमच्यापर्यंत पोचली आहे.”

सोमवारी अधिकाऱ्याने गावाचं छापील म्हणणं मागितलं. ते नव्हतं. परवाना दहा वर्षांनी वाढला.

त्यानंतर समितीने आकानिसीला निर्दोष ठरवलं. ‘आशेची नदी’ या नावाने लेख गुळगुळीत कागदावर छापून आला आणि त्याला पारितोषिकही मिळालं. अंक घेऊन ती गावात गेली, तेव्हा आजी काठावर रिकामी टोपली घेऊन बसली होती.

“किती लोकांनी वाचलं गं?”

“चाळीस हजार, बुबू.”

आजीने नदीच्या वळणाकडे पाहिलं. “मग कधी येणारेत ते?”

आकानिसीने अंक टोपलीत ठेवला. आजीच्या प्रश्नाचं उत्तर प्रतिष्ठानाकडे तयार आहे: वाचकाने यावं अशी अपेक्षाच नाही. त्याने शेवटपर्यंत वाचावं आणि त्याला थोडं वाईट वाटावं, एवढ्यावर परिणाम साधला असं धरतात. तुम्ही इथवर आला आहात, तेव्हा तुम्हालाही मोजलं आहे. आता उठलात तरी चालेल.